‘वजन कमी करा’ एवढ्याने भागत नाही

गुडघे दुखतात म्हणून पन्नाशीची एक गृहिणी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाते. बाकावर तासभर बसल्यावर तिचा नंबर लागतो. डॉक्टर गुडघा दाबून पाहतात, रक्तदाब मोजतात, केसपेपरवर दोन गोळ्या आणि एक मलम लिहितात आणि लिहिता लिहिताच, मान वर न करता म्हणतात, ‘‘वजन कमी करा.’’ ती ‘‘हो’’ म्हणते. तोवर पुढच्या रुग्णाला हाक गेलेली असते. घरी गोळ्या नियमाने घेतल्या जातात, मलमही चोळले जाते. राहते ते फक्त वजन. सहा महिन्यांनी ती पुन्हा येते तेव्हा वजन दोन किलोंनी वाढले आहे असे म्हणावे, तर तेही कोणाला ठाऊक नसते; कारण मागल्या खेपेस तिला काट्यावर उभे केलेच नव्हते.

हे दृश्य महाराष्ट्रातील कोणत्याही दवाखान्यात दिसेल. ते रंगविण्यात डॉक्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. उलट आपल्या समाजात अजूनही ज्याच्या शब्दाला वजन आहे असा वैद्यक व्यवसायातील माणूस म्हणजे हा फॅमिली डॉक्टरच. मधुमेह, रक्तदाब, यकृतावरील चरबी, गुडघ्यांची झीज, झोपेत श्वास अडणे या साऱ्या तक्रारी प्रथम त्याच्यापुढे येतात. यांतील प्रत्येक फांदीवर तो औषध फवारतो. मुळाशी जायची वेळ आली की त्याच्यापाशी एवढे तीनच शब्द उरतात. असे का होते, आणि संगणक व मोबाइल यांच्या या युगात त्याच्या हाती याहून अधिक काही देता येईल काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातील २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले होते. २०१९-२१ च्या फेरीत हे आकडे अनुक्रमे २४ आणि २२.९ वर गेले. शंभरातील चोवीस म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. ज्या देशात कुपोषित मुलांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, त्याच देशात ही स्थिती आहे. कित्येकदा तर दोन्ही प्रश्न एकाच घरात नांदतात.

डॉक्टर अधिक का बोलत नाहीत याचे पहिले कारण वेळ. डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतात याचा ६७ देशांतील माहितीवर आधारलेला एक आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये ही सरासरी साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात सुमारे दोन मिनिटे. दोन मिनिटांत ताप पाहता येतो, खोकला ऐकता येतो. माणूस काय खातो, केव्हा खातो, का खातो याची चौकशी होत नाही. दुसरे कारण शिक्षण. वैद्यकाच्या अभ्यासक्रमात स्थूलतेचे दुष्परिणाम पानोपानी आहेत. पण समोर बसलेल्या स्थूल माणसाशी नेमके काय बोलावे, आठवड्याने काय विचारावे, वजन उतरेनासे झाले की काय करावे, याचे प्रत्यक्ष शिक्षण मिळालेले डॉक्टर थोडेच. तिसरे कारण संकोच. ‘खात्यापित्या घरचा’ हे आपल्याकडे कौतुकाचे वर्णन आहे. अंगाने भरलेली सून हे सासरच्या सुबत्तेचे लक्षण मानले जाते, आणि लग्नाच्या मुलीच्या बाबतीत तोच शब्द अपमान ठरतो. अशा नाजूक जागी बोट ठेवून रुग्ण दुखवावा आणि त्याने शेजारच्या गल्लीतील डॉक्टर गाठावा, हे कोणाला परवडेल?

यातील संकोच फारसा सार्थ नाही, असे इंग्लंडमधील एका प्रयोगावरून दिसते. ऑक्सफर्डचे प्राध्यापक पॉल एव्हयार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी केलेला हा प्रयोग २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. १३७ डॉक्टर आणि १८८२ रुग्ण त्यात होते. हे रुग्ण वजनासाठी आलेलेच नव्हते. भलत्याच तक्रारी घेऊन ते दवाखान्यात आले होते. तपासणी आटोपल्यावर डॉक्टरांनी केवळ तीस सेकंद त्यांच्या वजनाचा विषय काढावयाचा होता. निम्म्या रुग्णांना त्यांनी सांगितले की, वजन उतरल्यास तुमच्या प्रकृतीला फायदा होईल. उरलेल्या निम्म्यांना बारा आठवड्यांच्या एका मोफत वर्गात नाव घालण्याची तयारी दाखविली, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याचे नाव तो दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच नोंदवून घेतले. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी एक किलोने, तर दुसऱ्याचे जवळजवळ अडीच किलोंनी उतरले होते. रुग्णांना हे बोलणे खटकले काय? पाचांतील चौघांनी ते योग्य आणि उपयुक्त वाटल्याचे सांगितले. गैर आणि निरुपयोगी म्हणणारे १८८२ पैकी अवघे चार निघाले.

या प्रयोगाचे मर्म तीस सेकंदांत नाही, त्या सेकंदांच्या पलीकडे उघडणाऱ्या दारात आहे. तेथील डॉक्टरांपाशी रुग्णाला पाठवावयास जागा होती. आमच्या डॉक्टरांपाशी कोणती आहे? पुण्या-मुंबईत आहारतज्ज्ञ आहेत, त्यांची फी भरू शकणारे रुग्णही आहेत. पण अहमदपूर, मोखाडा किंवा सावंतवाडी येथील डॉक्टरने ‘‘वजन कमी करा’’ म्हटल्यावर पुढचे वाक्य काय उच्चारावे? नेमके येथेच घोडे पेंड खाते, आणि नेमक्या याच जागी ऑनलाइन साधनांची आठवण होते.

मात्र साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम काय येते? मोबाइलवर उतरवून घेतलेला एखादा कार्यक्रम. तो पावले मोजतो, खाल्ल्याची नोंद मागतो, उष्मांकांचा हिशेब मांडतो आणि आठवड्यातून एकदा उत्साहवर्धक वाक्य पाठवितो. पहिले पंधरा दिवस नोंदी होतात. मग गणपती येतात. त्यानंतर तो कार्यक्रम मोबाइलच्या कोपऱ्यात, आणलेल्या पण न वाचलेल्या पुस्तकासारखा पडून राहतो. येथे रुग्ण आणि यंत्र यांच्यामध्ये डॉक्टर कोठेच नाही. रुग्णाने वजन लिहिले काय आणि न लिहिले काय, त्याच्या डॉक्टरला त्याचा पत्ताही नसतो.

याची चांगली परीक्षा अमेरिकेत झाली. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी प्राथमिक उपचार देणाऱ्या पंधरा दवाखान्यांतील ८४० रुग्ण निवडले. सर्व स्थूल वा स्थूलतेकडे झुकलेले, आणि प्रत्येकाला रक्तदाब किंवा मधुमेह. त्यांचे तीन गट पाडले. पहिल्यास नेहमीचे उपचार आणि वजनाविषयी सर्वसाधारण माहिती. दुसऱ्यास एक ऑनलाइन कार्यक्रम. तिसऱ्यास तोच कार्यक्रम, पण त्याच्या जोडीला एक माणूस. हा माणूस डॉक्टर नव्हता, परिचारिकाही नव्हता. दवाखान्यांच्या वतीने तो संगणकावर रुग्णांच्या नोंदी पाहत असे; कोणाची नोंद थांबली, कोणाचे वजन चढू लागले हे हेरून त्यांच्याशी संपर्क साधत असे आणि डॉक्टरांना त्याची कल्पना देत असे. २०२० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा महिन्यांनी पहिल्या गटाचे वजन सरासरी १.२ किलो, दुसऱ्याचे १.९ किलो आणि तिसऱ्याचे ३.१ किलो उतरले होते.

डोंगर पोखरून उंदीर काढला, असे कोणी म्हणेल. तीन किलो वजन ते काय! हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. शंभर किलोंचा माणूस सत्त्याण्णवावर आला तर त्याचा शर्टही सैल होत नाही. परंतु तीन किलो ही सरासरी आहे. त्यात काहीच न उतरलेले जसे आहेत, तसे पुष्कळ उतरलेलेही आहेत. शिवाय त्या प्रयोगातील खरी शिकवण माझ्या मते बारा महिन्यांच्या आकड्यांत नसून अठरा महिन्यांच्या आकड्यांत आहे. तोवर संपर्काचे काम थांबले होते. माणूस लाभलेल्या गटाने २.८ किलोंचा फायदा टिकवून धरला होता. केवळ यंत्राच्या हवाली केलेल्या गटाचा फायदा १.१ किलोवर घसरला होता आणि ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांचा मात्र १.९ होता. म्हणजे एकटे यंत्र हाती देणे आणि काहीच न देणे यांत दीड वर्षानंतर फरक उरला नाही.

यंत्राला अगदीच निकामी ठरविण्याचेही कारण नाही. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन यांनी दक्षिण भारतातील ५३७ नोकरदार पुरुषांवर केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील या पुरुषांना आरंभी समोर बसवून आहार-व्यायामाचा सल्ला दिला गेला. नंतर त्यांतील निम्म्यांच्या साध्या मोबाइलवर त्यांच्या सवयी पाहून बेतलेले छोटे संदेश नियमाने पाठविण्यात आले. दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह जडला, मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. येथेही आधी माणूस होता आणि मागून यंत्र आले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

तेव्हा साधन द्यावयाचे ते रुग्णाच्या हाती नव्हे, तर प्रथम डॉक्टरच्या टेबलावर. आणि त्याच्या पाठीशी दवाखान्यातील एक माणूस. परंतु परदेशी घडविलेले साधन आहे तसे उचलून येथे मांडले, तर ते पहिल्याच पायरीवर अडखळेल. कारण स्थूल कोणाला म्हणावे, येथूनच आपला मामला निराळा आहे.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे सूत्र १८३२ मध्ये बेल्जियमच्या अदॉल्फ केतले या संख्याशास्त्रज्ञाने मांडले. १९७२ मध्ये अमेरिकेतील अँसेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. पश्चिमेत हा अंक तिसाच्या पुढे गेला की माणूस स्थूल. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापून या सूत्राची मर्यादा एका दृष्टिक्षेपात दाखविली. छायाचित्रात दोन सडपातळ गृहस्थ शेजारी शेजारी उभे आहेत: एक स्वतः याज्ञिक, दुसरे त्यांचे ब्रिटिश स्नेही व सहलेखक जॉन युडकिन. दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून लठ्ठ असा हा भारतीय देह आहे आणि त्याची चरबी पोटाभोवती साठते. म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी निराळ्या मर्यादा सुचविल्या. निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन प्रमाणाबाहेर, २५ ला स्थूलता. आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांच्या आत हवा. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत कमर व नितंब यांचे गुणोत्तर प्रथमच मोजले गेले, तेव्हा ५६.७ टक्के स्त्रिया आणि ४७.७ टक्के पुरुष धोक्याच्या बाजूला निघाले. वजनाच्या काट्याने ज्यांना निर्दोष ठरवून घरी पाठविले असते, असे कितीतरी लोक त्यात आहेत. म्हणून आमच्या डॉक्टरच्या संगणकाने विचारावयाचा पहिला प्रश्न ‘वजन किती’ हा नसून ‘कमर किती’ हा असला पाहिजे. त्यासाठी लागते ती शिंप्याच्या गळ्यात असते तशी एक टेप.

गंमत अशी की ही टेप सरकारने आधीच घराघरांत पाठविली आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशा सेविका तिशी ओलांडलेल्यांच्या घरी जाऊन एक तक्ता भरते. त्यात तंबाखू, दारू, व्यायाम, घराण्यातील रोग यांच्या जोडीला कमरेचा घेर असतो आणि त्याला गुण दिलेले असतात. तो तक्ता पुढे आरोग्य केंद्रात जातो, तेथून संगणकावर चढतो. पण जिच्या कमरेचे माप या प्रवासाला निघाले, ती बाई ताप आला वा गुडघा दुखला की आरोग्य केंद्रात जातेच असे नाही. बहुधा ती गावातील खाजगी डॉक्टरकडे जाते, मग ते एमबीबीएस असोत, वैद्य असोत वा होमिओपॅथ. त्यांच्या केसपेपरवर ते माप कधीच उतरत नाही. माहिती एकीकडे आणि विश्वास दुसरीकडे, अशी ही ताटातूट आहे. रुग्णाची संमती घेऊन ते माप त्याने पसंत केलेल्या डॉक्टरसमोर आणणे ही तांत्रिकदृष्ट्या अवघड गोष्ट राहिलेली नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची चौकटही आखून दिली आहे. अडचण आहे ती सरकारी आणि खाजगी या दोन दारांमधील भिंतीची.

दुसरा अडसर आहाराचा. परक्या साधनांना पाव, सॉसेज आणि चीज यांचे उष्मांक पाठ असतात. त्यांना थालीपीठ ठाऊक नसते, झुणका ठाऊक नसतो, आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण तर त्यांना कोणीच सांगितलेली नसते. उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू आणि बटाट्याच्या तळलेल्या कीस-पापड्या खाणाऱ्या माणसास ‘आज आपण काही खाल्ले काय’ असे यंत्राने विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘नाही, आज उपास आहे’ असेच उत्तर देईल. वस्तुतः या कामासाठी लागणारी सामग्री आपल्याच देशात तयार आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले आणि २०२४ मध्ये आहाराची सतरा मार्गदर्शक सूत्रे. ती ग्रॅममध्ये आहेत. ती वाटी, पळी, भाकरी आणि चमचा यांच्या भाषेत उतरवून डॉक्टरच्या पडद्यावर आणणे एवढेच बाकी आहे.

अनुभवी डॉक्टर याहूनही सोपा प्रश्न विचारतात: ‘‘घरात माणसे किती, आणि महिन्याला तेल किती लागते?’’ काय खाता, असे विचारले तर लोक जे खावयास हवे ते सांगतात. तेलाचा आकडा मात्र किराणा दुकानाच्या चिठ्ठीवर असतो, तो खोटे बोलत नाही. पोषण संस्थेच्या ताटात माणशी रोजचे तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. त्या हिशेबाने चार माणसांच्या घराला महिन्याकाठी साडेतीन लिटर पुष्कळ झाले. सहा लिटरची पिशवी येत असेल तर दुखणे कोठे आहे हे एका वाक्यात कळते. असे आठ-दहा नेमके प्रश्न मराठीत, डॉक्टरला तोंडी विचारता येतील अशा शब्दांत, पडद्यावर ओळीने यावेत. उत्तरे कंपाउंडरने बाहेरच टिपून ठेवावीत. डॉक्टरची दोन मिनिटे मग चौकशीत जाणार नाहीत, बोलण्यात जातील.

आणखी एक काम यंत्र फार चोख करू शकेल आणि त्याची वाच्यता कोठेच होत नाही. वजन वाढविणारी कितीतरी औषधे आपण स्वतःच रुग्णांना देत असतो. दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, मधुमेहातील इन्सुलिन व सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या, फेफऱ्यासाठी व्हॅल्प्रोएट, मनोविकारांसाठी ओलान्झापिन. ही औषधे वाईट नव्हेत. बहुतेकदा ती अटळ असतात आणि रुग्णाने ती परस्पर बंद करणे तर धोक्याचेच. पण एका हाताने वजन वाढविणारी गोळी लिहावयाची आणि दुसऱ्या हाताने ‘वजन कमी करा’ असे बजावावयाचे, हा विसंवाद डॉक्टरच्या लक्षात आणून देणे आणि पर्याय असल्यास तो सुचविणे एवढे संगणकाने केले, तरी कित्येक रुग्णांच्या माथ्यावरील ‘तोंडावर ताबा नाही’ हा कलंक पुसला जाईल. थायरॉइडची मंदगती, मुलींच्या बीजकोशांचा विकार, नैराश्य यांची आठवणही त्याच यादीत बसेल.

डॉक्टरला स्वतःला अडले तर त्याने कोणाला विचारावे? याचेही उत्तर उपलब्ध आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठातील भारतीय वंशाचे डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ हा उपक्रम सुरू केला. यकृताच्या हिपेटायटिस सी या विकाराचे रुग्ण दूरदूरच्या खेड्यांत होते आणि तज्ज्ञ फक्त विद्यापीठात. अरोरांनी रुग्णांना शहरात आणण्याऐवजी खेड्यांतील डॉक्टरांना आठवड्यातून ठरावीक वेळी पडद्यावर एकत्र आणले. प्रत्येकाने आपला रुग्ण मांडावा, तज्ज्ञांनी आणि इतरांनी सल्ला द्यावा. २०११ साली ४०७ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा विद्यापीठात ५७.५ टक्के आणि खेड्यातील डॉक्टरांकडे ५८.२ टक्के रुग्ण बरे झाल्याचे दिसले. स्थूलता हा यकृताच्या संसर्गासारखा औषधाने संपणारा रोग नव्हे, हा भेद मान्य आहे. तथापि सामान्य डॉक्टर योग्य आधार मिळाल्यास तज्ज्ञाच्या तोडीचे काम करतो, हे त्यातून सिद्ध होतेच. आपल्याकडे २०१९ मध्ये सुरू झालेली ई-संजीवनी ही सरकारी दूरवैद्यक सेवा उपकेंद्रांना डॉक्टरांशी जोडते. तीतून स्थूलतेसाठी आठवड्याचा एक ठरावीक तास राखून ठेवावा आणि त्यात खाजगी डॉक्टरांनाही प्रवेश द्यावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

हे सारे आजच निकडीचे का झाले आहे? मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड हे आठवड्यातून एकदा टोचावयाचे औषध भारतात विक्रीस आले. पाठोपाठ जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लूटाइडही आले. ही औषधे बुवाबाजी नव्हेत. सेमाग्लूटाइडच्या मुख्य प्रयोगात ६८ आठवड्यांत वजन सरासरी पंधरा टक्क्यांच्या जवळपास उतरले. आजवरच्या गोळ्यांना हे साधले नव्हते. परंतु २०२२ साली त्याच प्रयोगाचा उत्तरार्ध प्रसिद्ध झाला. औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. म्हणजे इंजेक्शन कितीही प्रभावी असो, वर्षानुवर्षे रुग्णावर नजर ठेवणारा कोणीतरी लागतोच. उलट्या, पित्ताशयातील खडे, चरबीसोबत झडणारे स्नायू यांकडे लक्ष ठेवावे लागते ते निराळेच. आज शहरांतील माणसे या इंजेक्शनांविषयी प्रथम मोबाइलवर वाचतात आणि मग फॅमिली डॉक्टरला विचारतात. तो गोंधळला, गप्प बसला किंवा हसून विषय टाळला, तर ती परस्पर दुसरीकडे जातील; आणि दुसरीकडे विकणारे फार आहेत, पाहणारे थोडे.

ऑनलाइन साधनांवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. डॉक्टर रुग्णाकडे न पाहता पडद्याकडे पाहू लागतील, हा पहिला. तो खरा आहे. ज्यांनी मोठ्या रुग्णालयांतून तपासून घेतले आहे त्यांना तो पटेल. म्हणूनच टंकनाचे काम डॉक्टरकडे असता कामा नये. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. स्थूलता ही दवाखान्यात जन्मत नाही. ती पदपथ नसलेल्या रस्त्यांवर, मैदान नसलेल्या शाळांत, दोन-दोन तासांच्या लोकल प्रवासात आणि पाच रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटात जन्मते, मग डॉक्टरने काय करावे? यावर वाद घालण्यासारखे काही नाही. पण धरण फुटले म्हणून पुरात सापडलेल्यांना दोर टाकावयाचा नाही, असे होत नाही. आणि त्या गृहिणीच्या गुडघ्यांना पदपथ बांधून होईपर्यंत थांबता येणार नाही.

आता राहता राहिला तो माणूस. अमेरिकेतील प्रयोगात जो रुग्णांच्या मागे लागला होता, तो आपल्याकडे कोठून आणावयाचा? माझ्या मते तो आपल्या दवाखान्यात आधीच आहे. नंबर देणारा, पुड्या बांधणारा, कोणत्या घरात कोणाचे काय दुखते हे डॉक्टरइतकेच जाणणारा कंपाउंडर, किंवा अलीकडे त्याच्या जागी बसणारी मुलगी. बाळाच्या लशीची तारीख जवळ आली की फोन करून आठवण देण्याचे काम ही माणसे करतातच. संगणकाने सकाळी त्यांच्यापुढे पाच नावे टाकावीत: यांचे वजन दोन आठवडे आले नाही, यांचे चढले आहे, यांनी तेल कमी केले म्हणून सांगितले होते. त्यांनी फोन करून विचारावे, ‘‘काकू, पंधरा दिवस झाले, काट्यावर उभ्या राहायला कधी येता?’’ यात वैद्यकीय सल्ला नाही, धाक नाही. कोणीतरी लक्षात ठेवले आहे एवढेच आहे. त्या फोनला उत्तर न देणे यंत्राच्या संदेशाकडे दुर्लक्ष करण्याइतके सोपे नाही.

हिशेब मांडून पाहावा. एका दवाखान्यात असे चाळीस रुग्ण धरले, प्रत्येकास पंधरवड्यातून एक फोन आणि फोनला पाच मिनिटे. महिन्याचे ऐंशी फोन, चारशे मिनिटे, म्हणजे पावणेसात तासही नाहीत. या पावणेसात तासांचे पैसे कोणी द्यावयाचे? रुग्ण केवळ आठवणीसाठी देणार नाही. डॉक्टर आपल्या खिशातून किती दिवस देईल? विमा कंपन्यांच्या नेहमीच्या पॉलिसी रुग्ण खाटेवर पडल्यावर जाग्या होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्या गृहिणीच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसविण्याचा खर्च शासन देईल, आणि तो दिलाच पाहिजे. पण ती वेळ येण्यापूर्वी दहा वर्षे तिला दर पंधरवड्यास जो फोन जावयास हवा, त्यासाठी त्या योजनेत रकाना नाही.